पिकासोची गर्ट्रूड स्टाइन: चित्रातला सांधा आणि शेजारचा फलक

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेचे एक व्यक्तिचित्र आहे. पाब्लो पिकासोने ते १९०५-०६ मध्ये पॅरिसला रंगवले, पुढची चाळीस वर्षे ते स्टाइनपाशी राहिले आणि १९४६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर, तिच्याच मृत्युपत्राप्रमाणे, संग्रहालयाच्या मालकीचे झाले. २०१२ मध्ये याच संग्रहालयात स्टाइन कुटुंबाने जमवलेल्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा एक जाहीर वाद उभा राहिला. ही ज्यू लेखिका दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये राहूनही कशी वाचली, तिचा संग्रह कसा वाचला आणि कोणाच्या आश्रयाने वाचला, याविषयी प्रदर्शनाच्या भिंती गप्प आहेत, असा आक्षेप घेतला गेला. अखेर संग्रहालयाने भिंतीवरच्या मजकुरात भर घातली. प्रदर्शन संपले आणि वादही मागे पडला. पण त्यातला प्रश्न अजून तसाच आहे: एखाद्या लेखकाचे व्यक्तिचित्र सार्वजनिक भिंतीवर टांगले जाते, तेव्हा त्याच्या शेजारच्या फलकाने काय सांगावे आणि कुठे थांबावे?

चित्र भिंतीवर राहिलेच पाहिजे आणि युद्धकाळातली हकिकत त्याच्या शेजारी, त्याच फलकावर, आडपडदा न ठेवता लिहिली पाहिजे, असे माझे मत आहे. आधी मलाही वाटत होते की चित्राचा फलक चित्राविषयी असावा आणि चरित्राची जागा चरित्रग्रंथात असावी. हे मत बदलले ते चित्राकडे पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे, म्हणून सुरुवात चित्रापासूनच करायला हवी.

कॅनव्हास साधारण १०० सेंटिमीटर उंच आणि ८१ सेंटिमीटर रुंद आहे. बसलेल्या स्त्रीचा देह त्यातली बहुतेक जागा व्यापतो. जाड तपकिरी कपड्यांखाली कंबर कुठे संपते आणि मांड्या कुठे सुरू होतात हे शोधावे लागते. सगळा मिळून एकच भरीव आकार आहे, आणि मागची तांबूस-तपकिरी खोली त्याच्या कडांपाशी जागोजागी त्यातच मिसळून जाते. गळ्याशी पांढरा रुमाल आणि त्यावर पोवळ्याची पिन, एवढीच सजावट. स्त्री किंचित पुढे झुकली आहे. हात मांड्यांपाशी विसावले आहेत. ते मोठे आणि वजनदार आहेत, पण मऊ रंगवलेले: छाया हळूहळू उजेडात उतरते, बोटांच्या कडा सैल आहेत, कुंचला तिथे घाई न करता फिरला आहे. या बैठकीची आठवण पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात सापडते. आंग्र या चित्रकाराने १८३२ मध्ये बेर्तँ नावाच्या वृत्तपत्रमालकाचे जे व्यक्तिचित्र केले, त्यात तो असाच, दोन्ही हात मांड्यांवर रोवून, समोरच्यावर वजन टाकल्यासारखा बसला आहे. सत्ता आणि पैसा अंगी मुरलेल्या पुरुषाची ही बैठक पिकासोने एका स्त्रीला दिली. नजाकत, पंखा, झालरी, आरशाकडे वळलेली मान यांतले काहीही इथे नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हे धाडसच होते.

मग नजर चेहऱ्यावर जाते आणि तिथे अडते. हा चेहरा त्या देहाचा वाटत नाही. कपाळ, भुवई, नाकाची कड हे सारे धारदार रेषांनी कोरल्यासारखे आहे. दोन डोळे एकमेकांशी जुळत नाहीत. पापण्यांच्या कडा जाड आणि कठीण आहेत आणि नजर आपल्याला चुकवून बाजूला कुठेतरी लागली आहे. हातांवरचा मऊ उतार इथे नाही. उजेड आणि छाया यांच्यामध्ये सीमा आखलेली आहे, जणू लाकडातून किंवा दगडातून काढलेला मुखवटा एका जिवंत, ऊबदार देहावर बसवला आहे. तो जिथे बसवला तो सांधा डोळ्यांना दिसतो. चित्रकाराने तो लपवलेला नाही.

या सांध्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पिकासो तेव्हा चोविशीचा होता आणि मोंमार्त्रमधल्या बातो-लाव्हार नावाच्या पडक्या इमारतीत राहून काम करत होता. स्टाइन तिशी ओलांडलेली होती. १९०३ पासून ती भाऊ लिओ याच्याबरोबर पॅरिसला, २७ रू द फ्ल्युरूस या पत्त्यावर राहत होती, आणि दोघा बहीणभावांनी सेझान, मातीस यांची चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली होती. स्टाइनच्या सांगण्यानुसार तिने या चित्रासाठी ऐंशी-नव्वद बैठका दिल्या. ती मोडक्या आरामखुर्चीत बसायची, पिकासो स्वयंपाकघरातल्या छोट्या खुर्चीवर कॅनव्हासला नाक लावून बसायचा आणि त्याची मैत्रीण फर्नांद ऑलिव्हिए तिचे मन रमावे म्हणून ला फोंतेनच्या नीतिकथा मोठ्याने वाचून दाखवायची. स्टाइन कित्येकदा तिथून पायी शहर ओलांडत घरी यायची आणि त्या चालण्यात तिच्या पहिल्या कथासंग्रहातली वाक्ये जुळवायची. तो संग्रह पुढे १९०९ मध्ये छापला गेला. एक दिवस पिकासोने अचानक सगळे डोके पुसून टाकले. पाहतो तेव्हा तू मला दिसतच नाहीस, असे काहीसे तो वैतागून म्हणाला. चित्र तसेच बिनचेहऱ्याचे राहिले. १९०६ च्या उन्हाळ्यात तो स्पेनमध्ये, पिरेनीज डोंगरातल्या गोसोल या गावी होता. परत आला तो स्टाइनला पुन्हा न बोलावता, न पाहता, त्याने चेहरा रंगवून टाकला.

त्या वर्षी पिकासोच्या डोळ्यांसमोर आणखी एक गोष्ट होती. स्पेनमधल्या ऑसुना इथे सापडलेली रोमनपूर्व, आयबेरियन शिल्पे लूव्हरमध्ये मांडली गेली होती. त्यांतले ठळक डोळे, जाड पापण्या आणि भावहीन, घट्ट चेहरे या व्यक्तिचित्रात उतरले, आणि वर्षभराने ‘ले देम्वाझेल दाव्हिन्याँ’ या पाच वेश्यांच्या मोठ्या चित्रात त्यांनी आधुनिक कलेचे वळणच बदलून टाकले. कलेच्या इतिहासात आपल्या चित्राला जागा मिळते ती सहसा याच कारणाने. ते पुढच्या चित्राची पूर्वतयारी म्हणून सांगितले जाते आणि स्वतंत्रपणे कमी पाहिले जाते, ही मला खरोखर खंत वाटते.

कारण या चित्रात जे घडले ते त्या मोठ्या चित्रातही नाही. इथे दोन काळ एकाच कॅनव्हासवर आहेत. देह आणि हात हे समोर बसलेल्या माणसाकडे महिनोन्महिने पाहून आलेले आहेत. चेहरा त्या माणसाच्या गैरहजेरीत आला आहे. पिकासोला हवे असते तर परत आल्यावर हातांवर एक हात फिरवून, कपड्यांच्या कडा धारदार करून सगळे चित्र नव्या शैलीत बसवता आले असते. दोन-तीन दिवसांचे काम होते ते. त्याने ते केले नाही. आधीचे पाहणे आणि नंतरचे जाणणे यांच्यात जे अंतर पडले, ते त्याने उघडे ठेवले.

हे अंतर म्हणजे काय ते कळायला आणखी एक चित्र पाहावे. १९०७ मध्ये फेलिक्स व्हालोताँ या स्विस चित्रकाराने स्टाइनचे व्यक्तिचित्र रंगवले. ते आता बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. त्याची रीत स्टाइनने लिहून ठेवली आहे: तो आधी खडूने रेखाटन करी आणि मग कॅनव्हासच्या वरच्या कडेपासून रंगवायला लागून पडदा खाली सोडावा तसा सरळ तळापर्यंत येई. ते चांगले चित्र आहे आणि छायाचित्रांशी ताडून पाहिले तर स्टाइन त्यात अधिक ओळखू येते. पण पडदा खाली आला आणि चित्र संपले. ती बाई १९०७ मध्ये कशी दिसत होती हे ते सांगते, ठामपणे सांगते, आणि आपल्याला पुढे काही विचारू देत नाही. पिकासोच्या चित्रापुढे प्रश्न विचारल्याशिवाय पाऊल हलत नाही. त्यामुळे हुबेहूबपणा ही व्यक्तिचित्राची कसोटी मानणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. हुबेहूब चेहरा एका दिवसाचा असतो. माणूस मात्र त्या दिवसानंतरही जगत राहतो, बदलत राहतो, आणि कधी असे काही करतो की आधीच्या चेहऱ्यात त्याचा मागमूसही नसतो.

चित्राची हकिकत सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा नजरेआड होते. बैठका, खुर्च्या, नीतिकथा, पुसलेले डोके, या सगळ्याचा मुख्य स्रोत एकच आहे, आणि तो म्हणजे खुद्द स्टाइन. १९३३ मध्ये तिने आपल्या सहचरी अ‍ॅलिस टोक्लसच्या नावाने आणि तिच्या तोंडून स्वतःचेच आत्मचरित्र लिहिले. या आठवणी त्यातल्या आहेत. चित्र स्टाइनसारखे दिसत नाही असे लोक म्हणत, तेव्हा पिकासो म्हणाला की त्याने काही बिघडत नाही, ती तशी दिसू लागेल, हे अनेक पुस्तकांतून फिरणारे वाक्यही तिथलेच. १९३५ च्या फेब्रुवारीत मातीस, ब्राक आणि आणखी काही जणांनी या पुस्तकातल्या चुका आणि बढाया दाखवणारी एक जाहीर साक्षच छापली होती. म्हणून त्या आठवणी खोट्या ठरत नाहीत. चेहरा उरलेल्या चित्राहून वेगळा आहे हे कॅनव्हास स्वतःच दाखवतो, त्याला पुस्तकाची गरज नाही. पण ‘ती तशी दिसू लागेल’ हे वाक्य फलकावर छापताना ते कोणी, केव्हा आणि कोणाविषयी लिहिले हेही छापायला हवे. नाहीतर चित्रातल्या व्यक्तीने स्वतःविषयी रचलेली आख्यायिका संग्रहालय स्वतःच्या तोंडून सांगू लागते.

आता युद्धकाळ. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा स्टाइन आणि टोक्लस पूर्व फ्रान्समधल्या बिलिन्यँ या गावच्या घरी होत्या. त्या घाईने पॅरिसला जाऊन आल्या आणि तिथल्या सगळ्या संग्रहातून येताना फक्त दोन चित्रे बरोबर आणली: सेझानने केलेले त्याच्या पत्नीचे व्यक्तिचित्र आणि हे, पिकासोचे. सेझानचे चित्र युद्धात विकून त्यांनी घर चालवले. हे मात्र विकले नाही. दोघी ज्यू होत्या, परदेशी होत्या, वयस्क होत्या, आणि निघून जाण्याचा सल्ला मिळूनही राहिल्या. त्यांच्यावर ज्याचा वरदहस्त होता तो बेर्नार फाय हा स्टाइनचा १९२०च्या दशकापासूनचा मित्र. १९४० मध्ये व्हिशी राजवटीने, म्हणजे नाझी जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच सरकारने, त्याला राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रमुख केले. फ्रीमेसन पंथीयांची नावे शोधून काढण्याच्या मोहिमेत त्याचा मोठा हात होता आणि त्या याद्यांमुळे अनेकांना अटक झाली, कित्येक छळछावण्यांत मेले. युद्धानंतर त्याला जन्मठेपेची सक्तमजुरी झाली. खटल्यात त्याच्या बाजूने स्टाइनने पत्र लिहिले होते.

एवढ्यावर थांबले असते तर जीव वाचवण्यासाठी मिळेल तो आधार धरला, असे म्हणून विषय मिटवता आला असता. पण १९४१ च्या सुमारास स्टाइनने व्हिशी राजवटीचा प्रमुख मार्शल पेताँ याच्या भाषणांचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले आणि अमेरिकन वाचकांसाठी एक प्रस्तावना लिहिली. त्या प्रस्तावनेत तिने पेताँची तुलना जॉर्ज वॉशिंग्टनशी केली. याच पेताँच्या राजवटीने १९४० च्या ऑक्टोबरात ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून आणि अनेक व्यवसायांतून हाकलणारा कायदा केला होता. ते भाषांतर तेव्हा प्रसिद्ध झाले नाही, पण कागद उरले आहेत. १९४४ च्या एप्रिलमध्ये, स्टाइन राहत होती त्याच एँ जिल्ह्यातल्या इझ्यू गावच्या आश्रयगृहातून ४४ ज्यू मुले गेस्टापोने उचलून नेली. त्यांतले एकही परत आले नाही.

ही मुले स्टाइनमुळे पकडली गेली असे कोणीही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. तिच्या प्रस्तावनेत भीती किती होती आणि विश्वास किती, याचा निवाडा अभ्यासकांनाही करता आलेला नाही. त्या वयात, त्या देशात, त्या कायद्याखाली आपण काय केले असते हे कोणालाच सांगता येणार नाही. तिच्याविषयी करुणा वाटणे मला गैर वाटत नाही. पण करुणा वाटायलाही आधी हकिकत माहीत हवी. ती दडवली की तिच्याविषयीची करुणाही अशक्य होते आणि इझ्यूच्या मुलांची आठवणही पुसली जाते.

यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप असा: चित्र १९०६ चे, भाषांतर १९४१ चे. पस्तीस वर्षांनंतरच्या कृत्याचा भार आधीच्या चित्रावर कशाला? चित्राने काय गुन्हा केला? या आक्षेपाचे मला बरेच दिवस उत्तर सुचत नव्हते. उत्तर त्या घाईच्या पॅरिसफेरीत सापडले. युद्धकाळ हा फक्त चित्रातल्या व्यक्तीच्या चरित्राचा भाग नाही, तो या कॅनव्हासच्याही चरित्राचा भाग आहे. आज आपण ज्याच्यासमोर उभे राहतो तोच कॅनव्हास त्या खेड्यातल्या घरात होता. प्रस्तावना लिहिली जात होती त्या वर्षांत त्याची मालकीण जिवंत आणि मोकळी राहिली, तिच्याकडून मृत्युपत्राने तो न्यूयॉर्कला गेला. आधी कोणाच्या हाती होते, कुठून कुठे गेले, हा मालकीचा इतिहास प्रत्येक संग्रहालय प्रत्येक चित्रासाठी नोंदवते आणि युरोपातल्या चित्रांच्या बाबतीत १९३३ ते १९४५ ही वर्षे तर विशेष काळजीने तपासली जातात. या चित्राचा तो इतिहास ‘लेखिकेकडून देणगी’ एवढ्या शब्दांत संपवणे म्हणजे त्यातली सर्वांत महत्त्वाची पाच वर्षे गाळणे होय.

दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या बाजूने येतो. फलक वाचूनच लोक चित्र पाहतात. फलकावर पेताँचे नाव आले की त्या कठीण चेहऱ्यात लोकांना पेताँच दिसेल, हात दिसणार नाहीत, सांधा दिसणार नाही. हे भय खरे आहे. मुखवट्यासारखा चेहरा पाहून ‘बघा, पिकासोला तेव्हाच कळले होते’ असे म्हणण्याचा मोह मोठा आहे, आणि तो टाळायलाच हवा, कारण १९०६ मध्ये कोणालाही काही कळलेले नव्हते. चेहऱ्यावरून चारित्र्य वाचायची सवय घातक असते, याची साक्ष तर ती युद्धाची वर्षेच देतात. पण या भयावरचा उपाय मौन हा नाही. फलकाची मांडणी अशी करता येते की चित्रात जे दिसते ते आधी येईल आणि नंतर जे घडले ते तारखेसह, स्वतंत्र परिच्छेदात येईल, आणि दोहोंमध्ये कार्यकारणाचा धागा कोणी ओढणार नाही. पिकासोने देह आणि चेहरा यांच्यामध्ये जो सांधा उघडा ठेवला, तसाच एक सांधा फलकावरही राहील.

चित्र काढूनच टाकावे असे म्हणणारे थोडे आहेत, त्यांच्याशी वाद लांबवण्याचे कारण नाही. चित्र कोठारात ठेवले तर फक्त व्हालोताँच्या चित्रासारखा एकजिनसी, आटोपलेला चेहरा लोकांच्या मनात राहील. स्टाइनविषयी जे प्रश्न विचारायला हवेत ते या चित्रासमोरच सुचतात.

१९२०च्या दशकात स्टाइनने केस अगदी बारीक कापून घेतले. चित्रात ते मागे ओढून बांधलेले आहेत. पिकासोने तिला त्या अवतारात पाहिले तेव्हा तो आधी धास्तावला, मग माझ्या चित्राचे काय, असे म्हणाला, आणि नीट न्याहाळल्यावर पुटपुटला की तरीही सगळे आहेच त्यात. ही आठवणही स्टाइनच्याच पुस्तकातली, म्हणून तेवढ्या सावधपणे घ्यायची. तिच्या सांगण्यावरून दिसते ते असे की एक माणूस बदलला तेव्हा चित्रकाराने चित्राकडे नव्याने पाहिले. तेवढे पाहणे प्रेक्षकांनाही शक्य व्हावे, इतकीच माझी मागणी आहे.

म्हणून फलक कसा असावा याचा मसुदाच मांडतो. पहिल्या परिच्छेदात: पिकासो, १९०५-०६; देह आणि हात बैठकांमधून रंगवलेले, चेहरा नंतर, समोर कोणी नसताना; दोहोंमधला फरक जवळून पाहावा. दुसऱ्यात: या बैठकांची हकिकत स्टाइनने १९३३ मध्ये स्वतः लिहिली, तिच्यातल्या अनेक गोष्टींना समकालीन चित्रकारांनी १९३५ मध्ये जाहीर हरकत घेतली. तिसऱ्यात: १९३९ पासून हे चित्र पूर्व फ्रान्समध्ये स्टाइनच्या घरी होते, तिला व्हिशी राजवटीतल्या अधिकाऱ्याचे संरक्षण होते, त्या काळात तिने पेताँच्या भाषणांचे भाषांतर केले व त्यांना प्रशंसापर प्रस्तावना लिहिली, तिच्या मृत्युपत्राने चित्र इथे आले. आणि फलकासमोर नाही, चित्रासमोर, दोन माणसांना निवांत बसता येईल असे एक बाक.